सराईतला भाट

तो गायला आणि टेबलाभोवतीचे सगळे टाळ्या वाजवू लागले. तिला त्या टाळ्या ऐकू आल्या, पण शेजारच्या गच्चीवर कुणी ओले कपडे झटकावेत तशा, लांबून. वीस बाजूंचा फासा तिच्या मुठीत होता. तो टाकायचा राहिला होता आणि त्याची टोकं तळव्यात रुतत होती. "बाई दमली," तो गायला होता, डाव्या हाताने टेबलावर ठेका धरून, "घरी सोडा. मला ठेवा. इथंच ठेवा." एवढंच. दोनच सूर, एक वरचा, एक खालचा. आजारपणानंतर त्याच्या तोंडून एकापुढे एक असे एवढे शब्द पहिल्यांदाच आले होते. जनावरांचा डॉक्टर या खेळाचा सूत्रधार होता आणि त्या घटकेला एका सराईचा मालक झालेला होता. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. वकीलीणबाईंच्या डोळ्यांतून सरळ पाणी येत होतं. रोखपाल म्हणाला, "वहिनी, अहो भाट बोलला की." आणि ती हसली, म्हणजे तिचा चेहरा हसला. आत मात्र जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली काही नसावं, तसं झालं होतं. त्या तिघांना जे भाटाचं गाणं वाटलं ते तिला उद्देशून होतं. ते घरातलं बोलणं होतं. चार माणसांत, खेळाच्या आडून, तिचा नवरा तिला सांगत होता की तू जा.

हा खेळ त्यांचा जुना होता. रविवारी दुपारी डॉक्टरच्या घरी जमायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडाने बोलायचं, जंगलं तुडवायची, राक्षस मारायचे; जमलं की फसलं ते फासा ठरवणार. वकीलीणबाई जादूगारीण होत्या. दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या नोटा हाताळणारा रोखपाल इथे चोर होता आणि मनापासून चोऱ्या करायचा. तिचा नवरा सेनापती. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा, कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ जातो ते झोपेतसुद्धा सांगणारा हा माणूस रविवारी फौजा हलवायचा, शत्रूशी तह करायचा, आणि बोलायचा, बोलायचा, बोलायचा. घरी आल्यावर जेवताना पुन्हा सगळी लढाई तिला ऐकवायची. ती म्हणायची, "पन्नाशीला आलात सगळे आणि लुटुपुटूच्या तलवारी." तो म्हणायचा, "अगं, खऱ्या तलवारी परवडतात कुणाला." त्याच्या तोंडाच्या पट्ट्याला ती कंटाळायची. हे आता आठवलं की तिला आपलाच राग येई, आणि मग वाटे, राग कसला, कंटाळायचीच तर मी. ते खोटं कशाला ठरवायचं.

मग ती सकाळ. ती डबा भरत होती आणि तो दारातून म्हणाला, "अगं, माझा तो..." आणि थांबला. ती घाईत होती. रुमाल? पाकीट? चष्मा? तो मान हलवत राहिला, आधी वैतागून, मग नुसताच, आणि मग दाराच्या चौकटीला टेकून हळूहळू खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा. त्याला काय हवं होतं ते तिला कधीच कळलं नाही. इस्पितळात डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला, त्यात एक करडा डाग होता, आणि इतक्या लहानशा डागात एवढा मोठा बोलणारा माणूस कसा मावला असेल याचं तिला नुसतं नवल वाटत राहिलं. उजवा हात गेला, तो थोडा परत आला. पाय परत आला. शब्द आले नाहीत. एक शिवी तेवढी शाबूत राहिली होती, जी त्याने जन्मात कधी घरात उच्चारली नव्हती, ती त्याने मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर खणखणीत घातली, आणि नणंद म्हणाली, "अगंबाई, आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही हो." 'हो' आणि 'नाही' राहिले, पण त्यांची अदलाबदल झाली. चहा हवा का म्हटलं तर "नाही" म्हणायचा आणि हात पुढे करायचा. त्याला किती समजतंय, ती विचारायची. डॉक्टर म्हणायचे, सांगता येत नाही, बरंच समजत असेल, कदाचित कमी. या 'कदाचित'वर तिने सगळे महिने काढले. आणि नकळत तिने आपल्या सोयीची बाजू धरली असणार, कारण त्याच्यासमोर ती त्याच्याविषयी बोलू लागली होती, झोपलेल्या मुलाविषयी बोलावं तसं.

तिचं काम कवळ्या बनवण्याचं. प्रयोगशाळा म्हणायची, पण होती एक लांबट खोली, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीने भरलेली, आणि मेणाचा वास. समोर फळीवर रांगेने माणसांचे जबडे, वरचे खालचे, बिजागरीवर बसवलेले. दाबले की मिटायचे, सोडले की उघडायचे. बरीच वर्षं ती हे काम करत होती आणि तिला ती कधी तोंडं वाटली नव्हती, काम वाटलं होतं. त्या काळात मात्र वाटायला लागली. एखादा जबडा हातात घेऊन ती मेणाच्या हिरडीत दात बसवत असे आणि एकदम वाटे, हा आता बोलेल. तो बोलत नसे. संध्याकाळी ती घरी जाई, तिथेही कुणी बोलत नसे. वाचा परत आणायला येणारी बाई तरुण होती, उत्साही होती. तिने सांगितलं, बोलण्याची जागा डोक्यात एका बाजूला आणि गाण्याची दुसऱ्या. एक बंद पडली तरी दुसरीकडून वाट काढता येते. डाव्या हाताने ठेका धरा, दोन सुरांत म्हणा, पा-णी, हवं-य. त्याने तिच्यासमोर दोनदा म्हटलं. ती गेल्यावर ओठ घट्ट मिटले. बायकोने आर्जवं केली, रागावली, स्वतः बेसूर गाऊन दाखवलं. तो भिंतीकडे बघत बसला. ज्याच्या बोलण्यावर लोक माना डोलवायचे त्याने पाण्यासाठी अंगाईच्या चालीत गायचं, हे त्याला मानवेना. हे तिला कळत होतं, आणि कळत असूनही कधी कधी त्याचा गळा धरून गदागदा हलवावा असं वाटे.

तेव्हा जनावरांचा डॉक्टर आला. त्याने त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलणं टाळलं, तब्येत विचारली नाही. कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि म्हणाला, "सेनापतीला आता रजा. हुकूम सोडणाऱ्याला जीभ लागते. आपण भाट घेऊ."

"भाट तर नुसतं बोलतच असतो," ती म्हणाली.

"गातो, वहिनी. बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? पण एक आहे. लोकांचे भाट सगळे एका छापाचे. देखणे, केस मानेवर, दिसेल तिच्यावर गाणी रचणार. आपला तसा नको."

"मग टकला करा," ती म्हणाली. नवरा घशातून हसला, आणि त्या आवाजाने ती इतकी दचकली की तिला पुढचं सुचू लागलं. टकला. पोट सुटलेला. एक हात लुळा. सगळी हयात राजांची खोटी स्तुती करण्यात गेलेली, म्हणून शब्द संपलेले. प्रत्येकाला मोजके मिळतात, याने दरबारात उधळले. आता बोलायला गेला तर तोंडातून वारा येतो; गायला तरच अर्थ निघतो. डॉक्टर भराभर लिहीत होता. 'चेटकिणीचा शाप' असं त्याने लिहिलं, तर नवऱ्याने डाव्या हाताने पेन ओढून ते खोडलं. मग कागदाच्या कडेला, पूर्वी केसाएवढ्या बारीक रेघा ओढणाऱ्या त्या माणसाने, थरथरत, वाकडीतिकडी तीन पायांची एक तिपाई काढली. दोघांना कळेना. त्याने तिपाईवर बोट आपटलं, भाटावर आपटलं. "तिपाई घेऊन हिंडतो?" डॉक्टरने विचारलं. "दरबारात आयुष्यभर उभा राहिला म्हणून? आता जिथे जाईल तिथे आधी बसणार?" नवऱ्याने "नाही" म्हटलं आणि जोरजोरात होकाराची मान हलवली. तसला भाट आजवर कुणी केला नसेल, डॉक्टर म्हणाला. राहता राहिली भाटाची इच्छा. या खेळात प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असावं लागतं, त्याशिवाय ते उंबरठ्याबाहेर पडत नाही. "आवाज परत हवा," ती चटकन म्हणाली, तिला वाटलं यात विचारायचं काय. त्याने ते खोडलं. धन? खोडलं. मानसन्मान? तेही. "असू दे," डॉक्टर म्हणाला, "खेळता खेळता कळेल." फासा टाकायला, कागद धरायला ती बरोबर असणारच होती, तेव्हा तिलाही एक पात्र मिळालं: भाटाचं गाठोडं उचलणारी बाई. त्या बाईला काय हवंय ते लिहायचं कुणाला सुचलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

म्हणजे 'बाई दमली' मधली बाई ती होती. खेळात भाट आणि त्याची बाई डोंगर उतरून सराईत आले होते, आणि मालक झालेल्या डॉक्टरने नेहमीच्या भसाड्या आवाजात विचारलं होतं, "काय पाव्हणं, काय सेवा करू?" भाटाने एखादं गाणं म्हणावं, फुकटात जेवण मिळवावं, फाशाने कौल द्यावा, असा सगळ्यांचा अंदाज. त्याने मालकाकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहत, ठेका चुकू न देता, त्याने ते म्हटलं. घरी त्या दोन सुरांत त्याने तिच्याकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. "मालक विचार करतो म्हणतोय," डॉक्टर टाळ्या ओसरल्यावर म्हणाला, "उत्तर पुढच्या रविवारी." त्यालाही भरून आलं होतं आणि खेळ पुढे ओढण्याची कुणाचीच तयारी नव्हती. चहा झाला. वकीलीणबाईंनी तिचा हात दाबला, "तुमच्या कष्टांचं चीज झालं." ती "हो ना" म्हणाली.

टॅक्सीत तो खिडकीकडे बसला. संध्याकाळची दुकानं मागे जात होती, त्याच्या चेहऱ्यावर एकेक पाटीचा उजेड येऊन जात होता, आणि ती त्याच्याकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत होती. याने सगळं ऐकलं आहे. हा विचार आधी सरळ आला, आणि मग त्याला फाटे फुटले. फोनवरचं. मोलकरणीशी बोललेलं. 'आज शी साफ झाली.' बहिणीला सांगितलेलं, की माझी पाठ गेली, माझी झोप गेली. आणि परवाचं. परवा नणंद आली होती. तिघं जेवत होती, ती त्याच्या ताटातलं बारीक करून देत होती, आणि नणंद म्हणाली होती, "वहिनी, असे किती दिवस काढणार तू? ते निवासी केंद्र आहे ना, नदीपलीकडचं, माझ्या जावेचे वडील आहेत तिथे. स्वच्छ आहे. चोवीस तास माणूस. दादाला काय, इथे काय नि तिथे काय." आणि ती, त्याच्या हनुवटीवरचं वरण पुसत, म्हणाली होती, "बघू."

बघू. लग्न झाल्यापासून तिच्या या शब्दाची त्याने थट्टा केली होती. नवा पडदा घ्यायचा का? बघू. तुझ्या आईला बोलवायचं का? बघू. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या घरात 'बघू' म्हणजे ठरलं. तोंडाने बघू म्हणते तेव्हा मनात पडदा शिवूनसुद्धा झालेला असतो." आणि ते खरंच होतं. नणंदेपुढे मात्र तिने तो शब्द नुसता पुढे सरकवला होता, विषय संपावा, वरण सांडू नये म्हणून. तिच्या मनात काहीच शिवून झालेलं नव्हतं. की झालं होतं? याला माहीत असेल. याने तीस वर्षं भाषांतर केलंय माझं. तो घास गिळताना तिच्याकडे बघत होता का, तिने आठवून पाहिलं; तिला नुसती हनुवटी आठवली. परवापासून तो एकटा हे घेऊन बसला होता, आणि तिला त्यातून मोकळं करायला त्याला एकच जागा सापडली, ती डॉक्टरच्या टेबलावरची खोटी सराई.

घरी आल्यावर तिने दिवा लावला, त्याला खुर्चीत बसवलं, वाकून त्याच्या बुटांचे बंद सोडले. उठली नाही. खालूनच विचारलं, "तुला त्या केंद्रात जायचंय?"

"हो," तो म्हणाला.

"म्हणजे नाही जायचं?"

"हो."

"अरे हो काय, नाही काय, नीट सांग." तिचा आवाज चढला. "मी तिला बघू म्हणाले, ते नुसतं बघू होतं. घरातलं बघू नव्हतं ते." त्याची डावी भुवई वर गेली. ही भुवई तिने किती महिन्यांत पाहिली नव्हती. पूर्वी ती वर गेली की पाठोपाठ एखादं बोचरं वाक्य यायचं. वाक्य आलं नाही, भुवई तशीच राहिली, आणि तिच्या आत काहीतरी सुटलं. ती उभी राहिली. "आणि चार माणसांत मला घरी पाठवून देतोस? मला न विचारता? मी दमले हे तू कोण ठरवणारा? मी काय गाठोडं आहे, इथे ठेवा नि तिथे सोडा?" ती ओरडत होती. ते तिच्या कानांना कळलं तेव्हा ती स्वतःच थक्क झाली, कारण त्या सकाळपासून ती त्याच्याशी ज्या आवाजात बोलत आली होती तो हा नव्हे. तो मऊ होता, हळू, शब्द तोडून, लहान मुलाला भरवताना काढतात तो. त्यात भांडता येत नाही. तोही हे ऐकून खुर्चीत सरळ झाला होता. लुळा हात त्याने डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, सभेला बसल्यासारखा. मग टेबलावर बोटं आपटली. एक, दोन.

"तू," तो गायला. घरात, तिच्यासमोर. "तू सांग."

"काय सांगू?"

"तू सांग."

"बघ..." ती म्हणाली आणि थांबली. तो शब्द जिभेवरून मागे ओढताना तिला खरंच जीभ चावल्यासारखं दुखलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. सांगण्यासारखी वाक्यं तिच्याजवळ होती. अशा प्रसंगी बायका म्हणतात ती, तुझ्याशिवाय माझं कोण आहे, मी तुला कुठेही जाऊ देणार नाही. ती सगळी घशापर्यंत आली, रांगेत उभी राहिली, आणि एकही पुढे होईना. याच्या भुवईपुढे ती टिकली नसती. तिने खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकावं तसं स्वतःचं बोलणं ऐकलं.

"मला तू घरी हवा आहेस," ती म्हणाली. "पण रोज नको."

हे ती कधी मनातसुद्धा बोलली नव्हती. बोलून झाल्यावर ते तिथेच राहिलं, दोघांच्या मध्ये, परत घेता न येणारं, आणि तिने टेबलाची कड धरली. आता हा रडेल, तिला वाटलं. आजारपणात रडायचा, कारण असो नसो. तो रडला नाही. त्याची बोटं टेबलावर उतरली, थांबली, पुन्हा उतरली. तो शब्द शोधत होता आणि या वेळी तिने एकही पुढे केला नाही. रुमाल नाही, पाकीट नाही. ती थांबली. खूप वेळाने ओठ हलले.

"मला," तो गायला. मग खालचा सूर. "मला पण."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. कुणी तोंडात मारली असती तर एवढी ती हबकली नसती. इतक्या महिन्यांत तिने आपल्या दमण्याचा विचार केला होता, त्याच्या दुःखाचा केला होता, औषधांचा, पैशांचा, पाठीचा. पण याला आपला कंटाळा आला असेल, पुसणाऱ्या, भरवणाऱ्या, हळू आवाजात शब्द तोडून बोलणाऱ्या बाईपासून याला चार घटका सुटका हवी असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते एका बाजूला किंचित ओघळलेलं होतं, आणि ते मुळीच दीनवाणं नव्हतं. खेळात तहाची कलमं सांगून झाल्यावर सेनापती समोरच्याची वाट बघतो, तसा तो तिची वाट बघत होता. तिला राग आला, सणसणीत, निरोगी राग, आणि त्या रागाच्या तळाशी ती इतकी हलकी झाली की तिला खुर्चीवरून उठवेना.

"तिथे नुसतं दिवसापुरतंही ठेवतात," ती शेवटी म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा होता, थोडा घोगरा. "सकाळी गाडी येते, संध्याकाळी आणून सोडते. तुझ्या बहिणीनेच सांगितलं. रोज नाही. दोन दिवस."

त्याने दोन बोटं वर केली.

"मंगळवार," ती म्हणाली. "आणि गुरुवार."

"शुक्र," तो गायला.

"शुक्रवारी मला अर्धाच दिवस काम असतं. मी घरी असते शुक्रवारी."

"शुक्र," तो पुन्हा गायला, वरच्या सुरात, टेबलावर थाप मारून.

"अरे, पण मी घरी असताना तू बाहेर कशाला?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं: ती घरी असते म्हणूनच. तरी ती गुरुवारच म्हणत राहिली. तोही हटेना. स्वयंपाक राहिला होता, बाहेर अंधार पडला होता, आणि ती दोघं वारावरून भांडत बसली होती.